आमची वाटचाल : उन्हाची बेगमी

बाबांनी दापोलीत सोलर बंब बसवायला सुरुवात केली, तेव्हापासून गिऱ्हाइकांचा प्रश्न एकच, "पावसात काय?" बंबांनंतर बागायतदारांचे पंप आले, मग छपरावरची वीज आली. प्रश्न तोच राहिला.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं आणि त्या प्रश्नाला धार आली. दापोली-मंडणगडात पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. ज्यांची पॅनेलं शाबूत होती त्यांच्याही घरात दिवा नव्हता. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर लाइन गेली की आपोआप बंद होतो. नाहीतर छपरावरची वीज उलटी लाइनमध्ये जाईल, म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी ते हवंच. बॅटरीवाल्यांची रात्र निघायची, पण ढग हटेनात तेव्हा बॅटऱ्याही बसल्या.

मग आम्ही हायड्रोजनचा अभ्यास धरला. कोकणातलं घर उन्हाळ्यात सुकट, आमसुलं, सरपण भरून ठेवतं. वैशाखातली जादा वीज तशी आषाढासाठी ठेवायची होती. स्वित्झर्लंडमधल्या ब्र्युटन गावात २०१६ पासून एक आख्खी इमारत ग्रिडशिवाय अशीच चालते. दिवसाची जादा वीज इलेक्ट्रोलायझरमध्ये पाण्याचं विघटन करते, हायड्रोजन टाकीत जातो आणि गरज पडली की फ्युएल सेलमधून त्याची पुन्हा वीज होते.

आकडे आम्ही गिऱ्हाइकापासून लपवत नाही. एक किलो हायड्रोजनला साधारण ५५ युनिट वीज आणि किमान ९ लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि परत मिळतात जेमतेम १५-१७ युनिट. बाकीची बहुतेक उष्णता होऊन जाते. म्हणून रोजच्या रात्रीसाठी बॅटरीच घ्या, असं आम्ही स्पष्ट सांगतो. फ्रीज, दिवे, पंप मिळून रोज ३ युनिट धरले, तर आठ दिवसांच्या काळोखाला दीड किलो पुरतो. तो ३० बार दाबाखाली सहाशे-साडेसहाशे लिटरच्या टाकीत मावतो.

आमच्या वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या जागेत असाच एक छोटा संच उभा केला. खरं शिक्षण तिथे झालं. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे नटबोल्ट टिकत नाहीत, म्हणून सगळी जोडणी ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची केली. विहिरीचं पाणी आरओनंतरही आणखी गाळावं लागतं, नाहीतर त्यातले क्षार इलेक्ट्रोलायझरचा पडदा खराब करतात. आणि सुरक्षितता! हायड्रोजनला वास नाही, त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, आणि हवेत ४ टक्के मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो. हलका असल्यामुळे तो वर चढतो. स्लॅबखाली किंवा माळ्यावर साचला तर धोका. म्हणून टाकी घरात कधीच नाही, उघड्यावर. फ्युएल सेलच्या खोलीला आढ्याशी झरोका आणि गळती सांगणारा सेन्सर.

गेल्या पावसाळ्यात लाइन गेली की ऑफिसचे दिवे आणि संगणक यावरच चालले. आईने वर्कशॉपमधला फ्रीजही त्यावर जोडायला लावला.

खर्च अजून सामान्य घराला परवडणारा नाही. आमच्या मते आधी हे आरोग्य केंद्रं, शाळा आणि होमस्टे यांच्यासाठी आहे. सध्या एका होमस्टेच्या मालकांशी बोलणी चालू आहेत. घरामागे मोकळी जागा आहे, विहीर गोड्या पाण्याची आहे. टाकीचे कागद पेसोच्या (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) नियमांत बसल्याशिवाय पाया खणायचा नाही, ही आमची अट त्यांनी मान्य केली आहे.