गिअरबॉक्सची न पोहोचलेली विनंती

पावसाळ्यात आमची ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना धक्के देऊ लागली आणि इंजिनचा दिवा लागला, तेव्हा स्कॅनरवर पी २५४४ हा कोड आला. गिअर बदलण्याच्या क्षणी गिअरबॉक्सचे कंट्रोल युनिट इंजिनच्या ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमी करण्याची विनंती कॅन-बसवरून (युनिट्सना जोडणाऱ्या दोन तारांच्या संदेशवाहिनीवरून) पाठवते; ती पोहोचली नाही किंवा तिच्यातील आकडा न पटणारा असला, की हा कोड नोंदला जातो. गॅरेजमध्ये थेट गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला मिळाला. मला तो घाईचा वाटला, कारण कोडची तक्रार संदेशाबद्दल होती, दातेरी चाकांबद्दल नव्हे.

बॅटरीची तार काढून, थोडा वेळ थांबून, मी ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात त्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या, म्हणजे कॅन-बसच्या दोन तारांच्या, पिनांमधील रेझिस्टन्स मोजला. बसच्या दोन टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर समांतर जोडलेले असल्याने तेथे सुमारे ६० ओहम दिसायला हवे होते. मीटरने १२१ दाखवले, म्हणजे एक टोक तुटले होते. (मध्ये गेटवे, म्हणजे संदेश पुढे पाठवणारे वेगळे युनिट, असलेल्या गाड्यांत मात्र हे माप फसवे ठरू शकते.) गिअरबॉक्स युनिटचा कनेक्टर उघडला, तर एका पिनवर हिरवट गंज चढला होता आणि रबरी सील एका बाजूला दुमडलेले होते. पिन व सील बदलल्यावर मीटर ६०.४ वर स्थिरावला.