आमची वाटचाल: जास्त पळालेल्या गाड्यांचं गॅरेज

लंडनच्या पश्चिमेला स्लाउमध्ये २००६ साली आम्ही शटर उघडलं तेव्हा पाटीवर लिहिलं, 'जास्त पळालेल्या स्पोर्ट्स कारची दुरुस्ती'. 'जास्त पळालेल्या' हे शब्द काढा, श्रीमंत गिऱ्हाईक बिचकतं, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. आम्ही काढले नाहीत. लाख मैलांवरची पोर्शे असो की होंडा एनएसएक्स, नीट राखली तर ती रोज कामावर जाते, हे आम्ही तेव्हाही सांगत होतो आणि आजही बिलांची फाईल समोर ठेवून सांगतो.

वडिलांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथचं दुकान होतं. ऑइल इंजिनांची सिलिंडर ते बोअर करून द्यायचे. बोअर गेज मी तिथंच हातात धरलं. गेज लावायच्या आधी सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून नख फिरवायचं, नख अडकलं तर चर आहे, हे वडिलांनी शिकवलं. आजही आमच्या पोरांना मी आधी नख फिरवायला लावतो, मग डायल बघायला. त्यांचं मायक्रोमीटर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि ते कुणी उसनं मागायचं नाही.

आमच्या पहिल्या गिऱ्हाईक डॉक्टरबाई, मूळच्या मिरजेच्या. ओळख महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत झाली. त्यांची २००१ सालची पोर्शे ९९६ (९११ची एक पिढी), ३.४ लिटरची. आमच्याकडे आली तेव्हा ६२,००० मैल झाले होते, आज १,८४,००० आहेत. ऊन असो, पाऊस असो, हॉस्पिटलची ड्युटी याच गाडीनं. या गाडीचं काय काय बदललं ते ऐका: वॉटर पंप, तडकलेल्या इग्निशन कॉइल, तेलाची वाफ वेगळी करणारा एओएस, पुढचे दोन्ही रेडिएटर (पानं साचून सडतात, दर हिवाळ्याआधी बंपर काढून साफ करा), दोनदा क्लच. पहिल्या क्लचच्या वेळी गिअरबॉक्स खाली होताच, तेव्हाच आयएमएस बेअरिंग, म्हणजे कॅमशाफ्टच्या साखळ्या फिरवणाऱ्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, बदललं. इंजिन मात्र अजून फोडलेलं नाही. बाईंची शिस्त अशी की तेल तापेपर्यंत तीन हजार आरपीएमच्या वर काटा जात नाही. लोक म्हणतात, तुमचं नशीब. नशीब नाही, ती शिस्त आहे.

९९६चं नाव काढलं की प्रत्येकाला आयएमएस आठवतं. बेअरिंग सीलबंद, आतलं ग्रीस तेलानं धुऊन जातं, मग गोळ्या खडखडतात, टायमिंग सुटतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. सगळं खरं. पण आमच्या बाकावर आलेली फुटकी बेअरिंगं बहुतेक कमी पळालेल्या गाड्यांची होती. उभ्या गाडीच्या तेलात ओल आणि आम्ल साठतं. तालीम सोडलेल्या पैलवानासारखी गत होते, वरून अंग दिसतं, आत दम नसतो. ९९६च्याच टर्बो आणि जीटी३ या मॉडेलांची गोष्ट वेगळी. हान्स मेत्स्गर यांच्या घडणीतलं ते इंजिन, त्याच्या शाफ्टला दाबाचं तेल मिळतं.

आता २०११चा हिवाळा. ते सांगितल्याशिवाय ही वाटचाल पुरी होत नाही.

एक माणूस शोरूममधली ९९६ घ्यायला निघाला होता. २८,००० मैल, काचेसारखा रंग. पैसे देण्याआधी त्यानं ती आमच्याकडे तपासायला आणली. शोरूमच्या मेकॅनिकनं प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून 'स्वच्छ' असा शेरा दिला होता. प्लगच्या भोकातून बोअरचा वरचा भाग दिसतो, चर पडतात ते खालच्या अंगाला. आम्ही सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, खोलला, पिस्टन वर नेला आणि खालून बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, घातला. सहा नंबरच्या सिलिंडरला उभे चर, बोटभर रुंदीचा पट्टा. या इंजिनात बहुधा ४, ५, ६ हीच बाजू आधी जाते. सायलेन्सरच्या एका टोकाला जास्त काजळी होतीच. फोटो काढले, लिहून दिलं, गिऱ्हाइकानं गाडी सोडली.

त्यानंतर शोरूमनं गावभर सांगितलं की हे लोक सम्प खोलून नसलेले चर दाखवतात आणि लायनरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीचं, काम काढतात. ज्यांच्याशी आमचं कधी बोलणंही झालं नव्हतं, ते आम्हाला चोर समजू लागले. तपासणीची कामं थांबली. दोन लिफ्ट रिकाम्या, भाडं थकलं, हाताखालची दोन चांगली पोरं दुसरीकडे गेली. मी म्हटलं, सम्प खोलणं बंद करू, इतरांसारखं प्लगमधून बघू. माझे साडू तेव्हा भागीदार होते. ते म्हणाले, "पावणं, मग पाटी पण उतरवा." आणि घरासाठी साठवलेले पैसे त्यांनी भाड्यात घातले. ते पैसे मी परत दिले, ते उपकार मात्र फिटलेले नाहीत.

पुढच्या थंडीत तीच गाडी रिकव्हरी ट्रकवरून आमच्याच दारात आली, नवा मालक सोबत. निळा धूर, पिस्टनची टकटक. ब्लॉक फोडला. सहा नंबरचं पिस्टन एका अंगानं खरवडलेलं, चर आमच्या फोटोत होते त्याच जागी. ऑइल फिल्टर कापून पसरला तर घड्यांत धातूच्या कणांची चकाकी. या ब्लॉकला उद्यमनगरासारखं नुसतं रीबोअर चालत नाही. भिंत लोकासिलची, म्हणजे सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमची, त्यामुळे निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) मुलामा दिलेले नवे लायनर बसवावे लागतात. बसवले. ती गाडी आजही पळते. शोरूमकडून दिलगिरीचा एक शब्द आलेला नाही आणि मी ते विसरलेलो नाही.

नव्या घेणाऱ्यांना सांगतो. कमी मैल बघून जास्त पैसे मोजू नका. इथं ब्रिटनमध्ये एमओटीच्या, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या, नोंदी फुकट बघता येतात, दरवर्षीचे मैल त्यात असतात. जी गाडी वर्षाला तीन-चारशे मैलच हलली ती मला स्वस्तात दिली तरी नको. फेरारी ३६०चा टायमिंग बेल्ट तीन वर्षांनी बदला, मग गाडी हलली असो वा नसो, रबर वयानं जातं. फेरारीच्याच एफ३५५ला त्यासाठी अख्खं इंजिन खाली घ्यावं लागतं, म्हणून मालक टाळतात. त्या बेल्टची तारीख नसेल तर सौदा करू नका. लॅम्बोर्गिनी गॅलार्डो ई-गिअरची, म्हणजे क्लच पेडल नसलेली, असेल तर क्लचची झीज स्कॅनरवर वाचून छापील कागद मागा. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. खाचा खोल असल्या तरी दहा वर्षांचा टायर टायर नव्हे. तेल पाच हजार मैलांनी किंवा सहा महिन्यांनी बदला, जे आधी येईल ते, आणि जुना फिल्टर फेकायच्या आधी कापून बघा.

तपासणीसाठी गाडी आणायची असेल तर आदल्या रात्री आमच्या दारात सोडा आणि किल्ली आम्हाला द्या. सकाळी इंजिन थंड असताना पहिला स्टार्ट आम्हीच मारणार. विकणाऱ्यानं ती आधी तापवून आणली असेल तर आम्ही तपासणी करत नाही, पैसेही घेत नाही.