व्होल्ट, अँपिअर, ओहम: दोष रॉडचा की लाइनचा?

सूत्रं दोनच. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. व्होल्टेजला करंटने गुणलं की पॉवर, वॅटमध्ये. बहुतेक जण वॅट काढून थांबतात. पण दोष कुठं आहे ते ओहम सांगतो, म्हणून दोन्ही काढावेत.

पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड घ्या, लेबलवर २३० व्होल्ट. १००० भागिले २३० म्हणजे ४.३५ अँपिअर, आणि २३० भागिले ४.३५ म्हणजे सुमारे ५३ ओहम. आता तक्रार अशी की बादली लवकर तापत नाही. रॉड चालू ठेवून सॉकेटवर मोजलं तर २०५ व्होल्ट आणि ३.९ अँपिअर. रोध आला ५२.६ ओहम, पॉवर ८०० वॅट. रॉड ठणठणीत आहे, व्होल्टेजच कमी पडतंय. व्होल्टेज ११ टक्के घटलं की पॉवर २० टक्के घटते, कारण करंटही सोबतच उतरतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला पूर्ण १००० वॅटवर ३१ मिनिटं पुरतात, ८०० वर ३९ लागतात. बादलीतून निघून जाणारी उष्णता यात धरलेली नाही.

उलट २३० व्होल्ट मिळत असताना ३.९ अँपिअर दिसला तर रोध ५९ ओहम आणि पॉवर ९०० वॅट. तिथं लाइनला बोल लावू नका, लेबल काहीही म्हणो, रॉडच तेवढा आहे.

दोन्ही आकडे एकाच वेळी, लोड चालू असताना घ्यायचे. सकाळचं व्होल्टेज आणि संध्याकाळचा करंट यांची सांगड घातली तर ओहम कुठलाही येईल. क्लॅम्प मीटर, म्हणजे आपला टाँग टेस्टर, फक्त एका वायरीभोवती अडकवायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतल्या तर शून्य दिसतं आणि माणूस मीटरला शिव्या देतो. त्यासाठी एका एक्स्टेन्शनची फक्त बाहेरची साल वीतभर सोलून ठेवावी, आतल्या वायरींचं इन्सुलेशन शाबूत ठेवून. करंट अगदी कमी असेल तर त्याच वायरीचे दहा वेढे जबड्यातून घ्या आणि आकड्याला दहाने भागा. मल्टिमीटरने अँपिअर मोजल्यावर लाल पिन १० अँपिअरच्या भोकात तशीच राहिली आणि व्होल्टेज बघायला गेलात, तर तो सरळ शॉर्ट आहे.

आता ते २०५ व्होल्ट. रॉड बंद असताना त्याच सॉकेटवर २२८ होते असं धरू. म्हणजे ३.९ अँपिअरला २३ व्होल्ट वाटेत गळतायत, भागाकार ५.९ ओहम. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. २० मीटर अंतर, जाऊन-येऊन ४०, म्हणजे जेमतेम अर्धा ओहम. गच्चीवर उन्हात पाइपातली वायर ६० अंशांवर गेली तरी रोध १६ टक्केच वाढतो. सोलापूरचा उन्हाळा कितीही कडक असला तरी एवढी गळती त्याच्या माथी मारता येत नाही. उरलेले साडेपाच ओहम कुठल्या तरी सैल जोडात बसलेत आणि तिथं ८० वॅट उष्णता तयार होतेय. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, यावरून काय ते समजा. सॉकेट पिवळं पडतं, प्लगची पिन काळी होते ती याचमुळे. रॉड चालू ठेवून मेन स्विचवर व्होल्टेज बघा. तिथं २२७ असेल तर सैल जोड घरात आहे. तिथंही २०५ च असेल तर तो मीटरच्या बाजूला किंवा खांबावर, आणि ते काम वीज कंपनीच्या लाइनमनचं.

प्लग काढून पिनांवर थेट ओहम मोजले तरी रॉडला साधारण ५३ च दिसतात, कॉइलच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचं तसं नाही. पेटलेला ५२९ ओहम, थंड असताना ४० च्या आसपास. आणि रॉडच्या प्लगची फेज किंवा न्यूट्रलची पिन (अर्थची नव्हे) व बाहेरचं धातूचं आवरण यांत काही ओहम किंवा किलोओहम दिसले, तर तो रॉड भंगारात टाका.

सोलापूरच्या पूर्व भागात खाली माग, वर संसार अशी घरं आहेत. तिथं रॉडचा हिशेब मागाच्या मोटारीला लावला की गणित फसतं. १ एचपीची थ्री फेज मोटार, ४१५ व्होल्ट, १.८ अँपिअर: १.७३२ (थ्री फेजचा गुणक, तीनचं वर्गमूळ) गुणिले ४१५ गुणिले १.८ म्हणजे १२९४ येतात, पण ते व्होल्ट-अँपिअर आहेत. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खऱ्या वॅटचा वाटा, ०.७५ धरला तर खरे वॅट ९७०. प्लेटवरचे ७४६ वॅट शाफ्टवर मिळणारे असतात, लाइनमधून ओढलेले नव्हे. बिलाचा अंदाज प्लेटवरून काढणाऱ्यांची फसगत इथंच होते.

चालत्या मोटारीचे व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे वाइंडिंगचा, आतल्या तारेच्या गुंडाळीचा, रोधही नव्हे, कारण फिरणारी मोटार स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते. वाइंडिंग तपासायचं तर सप्लाय काढून मोटारीच्या तीन टोकांपैकी दोन-दोन घेऊन तिन्ही जोड्यांत ओहम मोजा आणि मीटरच्या वायरींचे ०.२-०.३ ओहम वजा करा. तिन्ही आकडे सारखे हवेत. एक ठळक वेगळा आला तर मोटार रिवाइंडिंगला द्या.