आधी जागा सांगा

"रानात सापडलेली गोळी लढाईतलीच आहे, हे तुम्हाला कळतं कसं?" मेटल डिटेक्टर घेऊन मला बघितलेला प्रत्येक जण हे विचारतो. लग्नाच्या पंगतीत विचारलंय, दवाखान्याच्या रांगेत विचारलंय, आणि परवा तुम्हीही विचारलंत. दोन वाक्यांत उत्तर दिलं तर ते अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडची पहिली गोळी यंत्राने सापडलेली नाही, ती मामांनी दिली. सोलापूरजवळ बोरामणीच्या बाजूला त्यांचं ज्वारीचं रान होतं. मी नववीत असताना एकदा त्यांनी कोपरीच्या खिशातून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. "हे बघ की, नांगराला लागलं." सुपारीपेक्षा थोडी लहान, पांढुरकी आणि आकाराच्या मानाने विलक्षण जड अशी ती वस्तू होती. पुढे आयटीआयमध्ये शिकवायला लागल्यावर व्हर्नियरने मोजली. व्यास साडेसतरा मिलिमीटर भरला. सराफाच्या काट्यावर वजन 31 ग्रॅम आलं.

हे आकडे ओळखीचे आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांकडे ब्राउन बेस नावाची चकमकीची बंदूक असे. तिची नळी आतून साधारण 19 मिलिमीटरची आणि गोळी तिच्यापेक्षा मुद्दाम लहान, साडेसतराच्या आसपास. चार-पाच बार झाले की नळीत काजळी धरते, तरी गोळी झटकन आत जावी म्हणून ही फट ठेवलेली असे. आपल्याकडच्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार उडवायच्या बंदुकांचं गणित वेगळं होतं. जवळजवळ प्रत्येक बंदुकीचा साचा निराळा, त्यामुळे गोळ्याही लहानमोठ्या. रानाच्या एकाच तुकड्यात पाच गोळ्या सापडल्या आणि पाचही एका मापाच्या निघाल्या, तर मनात कंपनीचं नाव येतं. पाच तऱ्हेच्या निघाल्या, तर तोड्याची बंदूक आठवते.

त्यानंतर गोळीचं अंग बघायचं. साच्याच्या दोन अर्धुकांची बारीक शिवण तिच्या पोटावरून गेलेली दिसते. ती शाबूत असेल आणि गोळी गोल असेल, तर ती बहुधा झाडलेलीच नाही, भरताना कुणाच्या तरी हातातून निसटून पडली असावी. म्हणजे माणूस तिथे उभा होता. एक बाजू चेपलेली असेल, तर ती लांबून येऊन कशावर तरी आपटलेली आहे. रानात एका बाजूला गोल गोळ्या आणि दोनशे पावलांवर चेपलेल्या मिळाल्या, तर रांग कुठे होती आणि मारा कुठे होत होता, हे कागदावर काढता येतं.

मामांची गोळी गोल आहे, शिवणही दिसते. पण ती रानाच्या कुठल्या कोपऱ्यात सापडली, हे मी त्यांना कधी विचारलंच नाही. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मे 1818 मध्ये कंपनीचा सेनानी मन्रो याच्या फौजेने सोलापूरच्या पेठेवर हल्ला केला, पेशव्यांच्या सैन्याशी लढाई झाली आणि काही दिवसांतच भुईकोट इंग्रजांच्या हाती गेला. त्या फौजेतल्याच एखाद्या शिपायाची ही गोळी, असं म्हणायचा मोह मला आजही होतो, पण म्हणत नाही. त्या बंदुका पुढे कितीतरी वर्षं वापरात होत्या. जागा माहीत असती, आजूबाजूला आणखी काय आहे ते बघता आलं असतं, तर काहीतरी बोलता आलं असतं. याची हळहळ मला फार आहे.

यंत्र यातलं काहीच सांगत नाही. तबकडीतल्या तारेतून चुंबकीय लहरी खाली जातात, धातूत प्रवाह फिरायला लागतो, त्याचा प्रतिसाद दुसरी तार टिपते. लोखंडाला खरखरीत खालचा सूर येतो, पितळेला स्वच्छ वरचा. एवढंच. त्यातून आमची काळी माती बेसॉल्टची, तिच्यातच लोखंडाची खनिजं. तबकडी वर-खाली करून यंत्राला आधी जमिनीची सवय लावावी लागते, नाहीतर ते पावलापावलाला ओरडतं. दिवसभरात सापडतं काय? गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची बुचं, कुळवाच्या फासेचे तुकडे. आणि बैलांच्या पत्र्या. पत्री बघून लोक हमखास म्हणतात, घोडदळाची नाल सापडली! घोड्याचा खूर अखंड, म्हणून नाल एक आणि कमानीसारखी. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून पत्री दोन सुट्या तुकड्यांत.

काळ्या रानात खोलीवरूनही वय ठरवू नये. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची वस्तू आत जाते. पावसात माती फुगते आणि खालची वर सरकते. त्यामुळे काल पडलेलं बूच गोळीच्या खाली सापडू शकतं.

आता थ्री-नॉट-थ्री रायफलचं पितळी टोपण, म्हणजे रिकामं काडतूस. हैदराबाद रस्त्याकडेच्या रानांत हे मिळालं की लोक लगेच पोलीस ॲक्शनचं, म्हणजे हैदराबाद संस्थानावरच्या लष्करी कारवाईचं नाव घेतात. त्याला कारणही आहे. 13 सप्टेंबर 1948 ला सैन्य सोलापुरातून याच रस्त्याने नळदुर्गकडे गेलं होतं. माझ्याकडच्या एका टोपणाच्या बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं आहेत, म्हणजे ते खडकीच्या कारखान्यातलं. शेजारी 42 हा आकडा. म्हणजे 1942 च्या आधीचं ते नक्की नाही. पण नंतरचं कधीचंही असू शकतं, कारण पोलिसांकडे ही रायफल पुढे कितीतरी दशकं होती.

बुडाच्या मधल्या टिकलीवर पिनचा खळगा नसेल, किंवा तोंडाशी गोळी अजून बसलेली असेल, तर हात लावायचा नाही. पोलिसांना कळवायचं. गोल लोखंडी गोळा किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तरी तेच. जुनं झालं म्हणून दारू मेली, असं समजू नका.

आणि यंत्र विकत घेतलं म्हणून कुठेही खणता येत नाही. भुईकोटात, माचणूरसारख्या जुन्या किल्ल्यांवर मी ते पिशवीतूनसुद्धा नेत नाही. संरक्षित जागी परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. स्वतःच्या शेतात पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही निघालं, तरी 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. तीन शिवराया, म्हणजे शिवकालीन धाटणीची तांब्याची नाणी, निघाल्या तेव्हा मी अर्ज दिला होता. आवक शिक्क्याची पोच माझ्या फायलीत आहे. त्यातली एक मामींनी देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासली होती. तिच्यावरचं 'छत्रपती' आता बोटालाही लागत नाही. मामींचा काय दोष, घासू नका हे मीच सांगायला हवं होतं.

मामेभाऊ आता ते रान कसतो. मागच्या मे महिन्यात नांगरट चालू असताना त्याचा फोन आला, "दादा, तसलंच काहीतरी जड दिसतंय." मी म्हटलं, उचलू नकोस. शेजारी काठी रोव, दहाचं नाणं ठेवून फोटो काढ, बांधापासून पावलं मोज. मी पोचलो तेव्हा तो ट्रॅक्टर बंद करून उन्हात काठीपाशी उभा होता. "पूर्वेच्या बांधापासून बेचाळीस पावलं," तो म्हणाला. मी आधी ते वहीत लिहिलं, मग खाली बसलो.