अतिसुरक्षित प्रयोगशाळा आणि आपली जिल्हास्तरीय समिती

२००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्री फार्मांत बर्ड फ्लू निघाला. देशातला तो पहिला उद्रेक, आणि त्यावर शिक्कामोर्तब झाले ते भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत. (कोंबडी खाणाऱ्यांनी तेव्हा वांग्याच्या भरतावर दिवस काढले, तो भाग वेगळा.) २०२१ मध्ये नवापुरात हा रोग पुन्हा आला, तेव्हाही नमुने भोपाळलाच गेले. माणसांच्या अतिघातक विषाणूंसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेची पाषाण येथील चौथ्या, म्हणजे जैवसुरक्षेच्या सर्वांत वरच्या स्तराची प्रयोगशाळा आहे. कोविडमध्ये धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तपासणी सुरू होईपर्यंत आपण अहवालांची वाट पाहत बसलो होतो, हे कोणी विसरलेले नाही. त्यामुळे खानदेशात वरच्या स्तराची प्रयोगशाळा व्हावी, या मागणीला माझा पाठिंबा आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, की ती झाल्यावर तिच्यावर लक्ष कोण ठेवणार?

जैवसुरक्षेच्या तिसऱ्या स्तराच्या प्रयोगशाळेत हवा नेहमी बाहेरून आत खेचली जाते आणि बाहेर पडताना ती अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून गाळली जाते. आतला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक झाल्याशिवाय बाहेर येत नाही. दाराजवळच्या दाबमापकाचा काटा आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असल्याचे दाखवत असतो आणि त्याची रोज नोंद करावी लागते. हे सारे विजेवर चालते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना आपल्याकडचे ट्रान्सफॉर्मर कसे वागतात, हे भुसावळच्या किंवा धुळ्याच्या माणसाला सांगायला नको. वीज गेल्यावर जनरेटर किती वेळात भार उचलतो, त्याची चाचणी शेवटची कधी झाली आणि त्यात डिझेल किती आहे, हे प्रश्न दिल्लीच्या तज्ज्ञाइतकेच गावातल्या वायरमनलाही विचारता येतात.

सांडपाण्याचे उदाहरण तर अगदी नगरपालिकेच्या सभेत शोभण्याजोगे आहे. इंग्लंडमधील पिरब्राइट येथे लाळ्या-खुरकूत रोगावर काम करणारी सरकारी संस्था आणि लस तयार करणारी खाजगी कंपनी एकाच आवारात होत्या. २००७ च्या उन्हाळ्यात तिथून विषाणू बाहेर पडला आणि आसपासच्या शेतांतील जनावरांना रोग झाला. चौकशीत आवारातील जुन्या, गळक्या सांडपाण्याच्या वाहिन्यांवर बोट ठेवले गेले. त्या आधीच बदलायला हव्या होत्या, परंतु खर्च कोणी करायचा यावर एकमत होत नव्हते. त्यात पावसाने जमीन भिजलेली, आवारात बांधकाम सुरू, आणि चिखलाने माखलेल्या वाहनांबरोबर विषाणू रस्त्यावर आला असावा, असा निष्कर्ष निघाला. आतली यंत्रसामग्री कितीही उत्तम असली, तरी गटार, रस्ता आणि बांधकामाचा ठेकेदार हे स्थानिक विषय असतात, आणि तिथे नजर स्थानिकांचीच लागते.

‘यातले लोकांना काय कळते?’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. अमेरिकेतील केंब्रिज शहरात १९७६ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या रीकॉम्बिनंट डीएनए (वेगवेगळ्या जीवांची जनुके जोडण्याच्या) प्रयोगशाळेवरून वाद पेटला, तेव्हा महापौर आल्फ्रेड वेलुची कडाडून विरोधात होते. नगर परिषदेने काम तात्पुरते थांबवून नागरिकांची एक समिती नेमली. तिच्यात परिचारिका, अभियंता आणि व्यापारीही होते. या मंडळींनी काही महिने दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांना ऐकून घेतले आणि संशोधन होऊ द्यावे, मात्र वाढीव अटींवर, असा अहवाल दिला. १९७७ च्या फेब्रुवारीत शहराने त्यावरून स्वतःचा नियम केला. तरीही हे शहर आज जैवतंत्रज्ञानाचे जगातील मोठे केंद्र आहे, म्हणजे नियमांनी तिथून कोणी पळून गेले नाही. शेजारच्या बॉस्टनमध्ये तर बॉस्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेची इमारत बांधून तयार असूनही चौथ्या स्तराच्या कामासाठी शहराच्या आरोग्य आयोगाची परवानगी २०१७ च्या डिसेंबरमध्ये मिळाली.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा मागण्याची गरज नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांत, घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेले जीव हाताळणाऱ्या आस्थापनांसाठी, गरज असेल तिथे जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष आणि जिल्हा आरोग्य अधिकारी सदस्य-निमंत्रक असतात. कारखाना निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी आणि महापालिका आयुक्तही तिच्यावर असतात. अशा आस्थापनांना भेट देणे, तिथले धोके नोंदवणे आणि आवाराबाहेरच्या आणीबाणीचा आराखडा तयार करणे हे तिचे काम. यादी वाचली की वाटते, कोणीतरी विचार करून सगळी खाती एका टेबलाभोवती बसवली होती. टेबलाभोवती कोणी बसते का, हा पुढचा प्रश्न. आणि सामान्य नागरिकासाठी तिथे खुर्ची नाही, ही उणीव मला खटकते.

कोणता जंतू कोणत्या फ्रीजरमध्ये ठेवला आहे, हे जाहीर करू नये; ती गुप्तता रास्त आहे. प्रयोगशाळेचा स्तर, प्रमाणपत्राची मुदत, कचरा कोण उचलतो आणि आणीबाणीत पहिला फोन कोणाला जातो, एवढे मात्र महापालिकेच्या फलकावर असायला हरकत नसावी. आपल्या जिल्ह्यात ही समिती नेमली आहे का, नेमली असल्यास शेवटच्या बैठकीचे इतिवृत्त आणि आराखड्याची प्रत मिळावी, असा माहिती अधिकाराचा अर्ज मी तयार करतो आहे. निमंत्रक जिल्हा आरोग्य अधिकारी असल्याने तो त्यांच्याच कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा. जळगाव आणि नंदुरबारच्या वाचकांनीही आपापल्या जिल्ह्यात तसाच द्यावा.