4000 हर्ट्झवरचा खळगा

तेवीस वर्षांच्या मुलाचा ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीतला किती हळू आवाज ऐकू येतो याचा आलेख, असा यायला नको. यात डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. 250 ते 2000 हर्ट्झपर्यंत रेघ सरळ, 10-15 डेसिबलवर. 4000 हर्ट्झला एकदम 45 डेसिबलपर्यंत खाली, आणि 8000 ला पुन्हा वर. हाडावाटे घेतलेल्या चाचणीतही तोच खळगा, म्हणजे मळ किंवा पडद्याचा दोष नाही. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी दुखावलेल्या. मोठ्या आवाजाने कान बिघडतो तो असाच, आधी 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यात. तक्रारही जुळणारी: गर्दीत बोलणं ऐकू येतं पण कळत नाही, आणि रात्री कानात शिट्टी वाजते.

तो प्रवासातून थेट, इअरफोन लावूनच आला होता. अशा वेळी कानांना किमान 16 तास शांतता देऊन चाचणी पुन्हा घ्यावी लागते, कारण काही घट तात्पुरती असू शकते. 45 चे 35 झाले. उरलेली घट पुढच्या तपासण्यांतही हलली नाही. माणसाच्या या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

“पण मी आवाज कधीच फुल्ल ठेवत नाही,” असं तो सारखं सांगत होता, आणि ते खरं होतं. बूथच्या शांततेत त्याला नेहमीचं गाणं लावून आवाज हवा तसा ठेवायला सांगितला. कपलरवर, म्हणजे इअरफोनचा आवाज मोजणाऱ्या उपकरणावर, मोजला तर 72 डेसिबल. मग स्पीकरवर रेल्वेच्या डब्यातली खडखड सुरू केली. कोणी न सांगता त्याचं बोट फोनवरच्या आवाजाच्या पट्टीवर गेलं. 92! आणि त्याला तो आवाज मोठा वाटतच नव्हता. खरी मेख इथेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: प्रौढांसाठी 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास, मुलांसाठी 75 ला तेवढेच. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5, 92 ला अडीच. याचा प्रवास रोज दोन तासांचा. आठवड्याचा वाटा दुसऱ्याच दिवशी संपत होता.

म्हणून आधी बाहेरचा गोंगाट अडवायचा. त्याचे इअरफोन कानात सैल बसत होते. योग्य मापाची रबरी टोपी बसवून कान नीट बंद झाला, तेव्हा त्याच खडखडीत त्याने आपणहून 77 वर आवाज ठेवला. इंजिनाची घरघर नॉइज कॅन्सलिंगनेही चांगली दबते; रस्त्यावर चालताना मात्र इअरफोन काढावेत. पट्टीवरच्या टक्क्यांवर विसंबू नये, एकाच फोनवर दोन इअरफोन वेगवेगळे डेसिबल देतात. आयफोनवर ‘हेडफोन सेफ्टी’त मर्यादा थेट डेसिबलमध्ये ठरवता येते, ती 80 वर ठेवून दिली.

शिट्टी झाकायला तो रात्री इअरफोन लावून झोपत असे. ते आधी बंद करायला लावलं. त्याऐवजी खोलीत पंखा किंवा पावसाचा आवाज, शिट्टीपेक्षा जरा हळूच, उशीपासून लांब ठेवलेल्या स्पीकरवर.