हात काळे करायची परवानगी

अकरा वर्षांपूर्वी पर्थला आलो तेव्हा मला गाडीचं चाक बदलता येत नव्हतं. शिक्षण मेकॅनिकल इंजिनीअरिंगचं, तेही बेळगावातलं. हसा.

गंमत म्हणजे लहानपण सगळं गाड्यांतच गेलं. खानापूरच्या मामांच्या दारात कायम एक जीप असायची. आमच्या घरातून सायकल काढली आणि तिसरं रेल्वे गेट ओलांडलं की उद्यमबाग, बेळगावची कारखान्यांची वसाहत. तिथे निम्मे लोक ओळखीचे, कुणाची फाउंड्री, कुणाचं लेथ. पण जीप उघडली की माझ्या वाट्याला तीनच कामं यायची. चहा सांगून यायचं, बारा-तेराचा पाना हातात द्यायचा आणि बॅटरी धरायची. बॅटरी धरणाऱ्याचं नशीब असं की तो बघतो तिथे उजेड पडतो आणि मेस्त्रींना तो दुसरीकडेच हवा असतो. वर आज्जी ओसरीवरून ओरडायची, "शिकालायस न्हवं तू? मग हात कशाला काळे करालायस?"

पर्थमध्ये तो प्रश्न कुणी विचारला नाही. इथे तासाचा मजुरीचा दर ऐकला की शिकलेला माणूस आपोआप हात काळे करतो.

माझी टोयोटा लँड क्रूझर १९८६ ची, ६० सीरिज. ही गाडी १९८० ते १९९० अशी दहा वर्षं निघाली. माझ्या गाडीत सहा सिलिंडरचं चार लिटरचं डिझेल इंजिन आहे, टर्बो नाही, काही नाही. चढावर मागे ट्रकवाला असेल तर तोही कंटाळतो. चारही चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, आपल्या जीपसारखे. घेतली तेव्हा पुढच्या चाकांच्या आतून काळं काहीतरी गळत होतं. गॅरेजवाल्याने पाहिलं, शिटी वाजवली आणि जो आकडा सांगितला त्यात मामांची अख्खी जीप आली असती. मग मीच जॅक लावला.

झालेलं असं. पुढच्या ॲक्सलच्या टोकाला एक मोठा पोकळ गोळा असतो. त्याच्या आत चाक वळतानाही फिरत राहणारा सांधा ग्रीसमध्ये बुडालेला असतो. ॲक्सलच्या आतलं सील गेलं की डिफरन्शियलचं, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरांचं, ऑइल त्या ग्रीसमध्ये शिरतं आणि दोन्ही मिळून पातळ काळी आमटी होते. ती बाहेर येते, ब्रेककडे जाते. काम अवघड नाही, पण लांबलचक आहे. ५४ मिलिमीटरचा नट, त्यासाठी वेगळा सॉकेट. मग वॉशरचे दुमडलेले कान सरळ करा, दुसरा नट काढा, हब ओढा. पुढे चार स्टडवर शंकूच्या आकाराचे चिरलेले छोटे वायसर बसलेले असतात, ते काही केल्या निघत नाहीत. मी अर्धा दिवस पेचकस घालून त्यांना उचकत होतो. शेवटी खानापूरला व्हिडिओ कॉल लावला. मामांच्या जीपचं बघणारे मेस्त्री स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अरे ओढतोस काय? बाजूनं ठोक की! पितळी हातोडा घे, ठोक, आपोआप उडी मारतंय." ठोकलं. उडी मारली. एक वायसर शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे गेला, तो अजून मिळालेला नाही.

पहिल्या वेळी एक चूक केलीच. सगळं परत बसवलं, पण त्या लॉक वॉशरचा कान नटावर दुमडायचा राहिला. पर्थच्या उत्तरेला लँसलिन नावाचं गाव आहे, तिथे पांढऱ्या वाळूच्या टेकड्या आहेत, गाड्या घेऊन सगळे तिकडेच जातात. टायरमधली हवा वीसच्या आत आणून, ऐटीत वाळूत उतरलो आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. खाली उतरून चाक धरून हलवलं तर ते हातात आल्यासारखं हललं. वाळूत पोतं अंथरून, तोंडात टॉर्च धरून मी तो नट आवळला आणि या वेळी कान दुमडला. बायको बाजूला उभी राहून शांतपणे म्हणाली, "इंजिनीअर."

यंदा जूनमध्ये तीन आठवडे घरी आलो होतो. खानापुरात पाऊस लागलेला. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही, तिथे तो पडत नाही, राहायला येतो. मामांची जीप पडवीत उभी, १९९२ ची महिंद्रा एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. जांबोटीजवळच्या काजूच्या बागेत जायला अजूनही तीच लागते.

"चालते की," मामा म्हणाले. "फक्त जरा तिरकी चालते."

मागून पाहिलं तर खरंच गाडी शेताच्या बांधावरच्या खेकड्यासारखी जात होती, पुढची चाकं एकीकडे, मागची थोडी बाजूला. खाली वाकलो. मागच्या डाव्या पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला. या बोल्टाचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात बसतं आणि ॲक्सल जागेवर राहतो. तो तुटला की एका बाजूने ॲक्सल मागे सरकतो. बोल्ट का तुटला? यू-बोल्ट ढिले होते म्हणून. पाटे आणि ॲक्सल घट्ट धरून ठेवणं हे खरं तर यू-बोल्टांचं काम. ते ढिले पडले की सगळा भार त्या बिचाऱ्या एका बोल्टावर येतो.

मी पाना मागितला. पडवीत शांतता पसरली. मामी दारात आल्या. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि पान्यांची पिशवी माझ्या पुढ्यात ओतली. पण बॅटरी मात्र त्यांनी स्वतः धरली, आणि मला सांगायला आनंद होतो की त्यांना पण ती नीट धरता येत नाही.

या जीपचं एक दुखणं सांगायला हवं. इंजिनाच्या बोल्टांना मिलिमीटरचे पाने लागतात, खाली चॅसिसला मात्र इंचाचे, कारण अंगाने ती अजून जुनी अमेरिकन विलीजच आहे. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला घेतल्या, तेव्हापासूनचं हे नातं. त्यामुळे एकाच गाडीसाठी दोन पिशव्या. चुकून मिलिमीटरचा पाना इंचाच्या नटावर घातला की नटाची कोनं जातात आणि मग छिन्नी. आमचे दोन नट छिन्नीनेच निघाले.

नवे यू-बोल्ट घ्यायला उद्यमबागेत गेलो. सळईला आटे पाडून, मापाने वाकवून, एका तासात हातात. पर्थमध्ये माझ्यासाठी हेच बोल्ट दोन हजार किलोमीटरवरून आले होते आणि एक चुकीच्या मापाचा निघाला होता. पाटेवाल्याने बसलेले पाटे थंडच हातोड्याने ठोकून परत कमानीत आणले. ते बघायला मी मुद्दाम थांबलो. एक माणूस पाटा ऐरणीवर फिरवतो, दुसरा ठोकतो, आणि मध्येच दोघे थांबून जमिनीवर खडूने काढलेल्या कमानीवर तो ठेवून बघतात. कुठे कागद नाही, आकडा नाही.

गाडी सरळ चालायला लागली तसे मामा जोरात आले. आता मोठे टायर घालू, पॉवर स्टिअरिंग बसवू, आणि इंजिनच बदलू, कोल्हापूरला एकाकडे आहे म्हणे टर्बोवालं. मी म्हटलं, "मामा, आरसीचं काय?" जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीसाठी उभं राहायचंच आहे, तेव्हा कोण बघणार नाही? मामा म्हणाले, "बेळगावच्या केए-२२ नंबराला काय कमी त्रास आहे का, हा आणखी एक." पर्थमध्येही मोकळीक आहे असं समजू नका. गाडी साधारण ५० मिलिमीटरच्या पुढे उचलायची तर कागद लागतो, आणि पोलिसाला काही खटकलं तर काचेवर पिवळा स्टिकर चिकटतो. मामांना स्टिकरची कल्पना फार आवडली. जळकं ऑइल पाट्यांना फासून, पावसापुरतं काम झालं असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. पर्थमध्ये ते ऑइल डब्यात भरून केंद्रावर नेऊन द्यावं लागतं. इथे गाडीला जे लावतो ते पावसाबरोबर भातात जातं, याचं मला वाईट वाटलं, पण तेव्हा बोललो नाही.

मी बॅगेतून एक वस्तू आणली होती. माझ्या टोयोटाच्या क्लच पेडलचा बुश, प्लास्टिकचा, अंगठ्याएवढा, झिजून अंडाकृती झालेला. मला तो कुठेच मिळाला नव्हता. उद्यमबागेतल्या लेथवाल्या काकांकडे नेला. बाहेर पाटी कन्नडमध्ये, आत काका माझ्याशी मराठीत, पोऱ्याशी हिंदीत, आणि माप मोजताना ओठांतल्या ओठांत कन्नडमध्ये. त्यांनी बुश व्हर्नियरमध्ये धरला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"शाफ्ट आणलास काय?"

"शाफ्ट गाडीत आहे. पर्थला."

"मग हे घेऊन काय करू? हे झिजलंय. हे आता केवढं आहे ते सांगतंय, केवढं असायला पाहिजे ते सांगत नाही."

बेळगावात साडेअकरा, पर्थमध्ये दुपारचे दोन. बायकोला फोन लावला. ती बिचारी व्हर्नियर घेऊन डॅशबोर्डखाली आडवी झाली, एका हातात फोन, केसांत जुनं ग्रीस. पहिलं माप १५.९४. काका म्हणाले, "तिला सांग तीन जाग्यावर घे, आणि फिरवून घे." १५.९२. मग शाफ्टची खालची बाजू, १५.७२.

काका हसले. "बघितलास? शाफ्ट पण एका अंगानं खाल्लाय. आता घट्ट बुश केला तर अडकणार. सैल केला तर परत वाजणार." फोनकडे बघून त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "बाई, पेडल वर-खाली करताना खरखर येते का?" ती म्हणाली, "येते." तिने कधी गाडीखाली पाहिलं नव्हतं. आता तिच्या आवाजात एक वेगळाच भाव होता, तो मी ओळखतो. पडवीत माझ्या पुढ्यात पान्यांची पिशवी ओतली तेव्हा माझाही तोच भाव होता.

काकांनी गनमेटलचा तुकडा लेथला लावला. पिवळट भुकटी उडत होती, वास जुन्या नाण्यांचा. आतून एक उभी खाच काढली, ग्रीस थांबायला. वरच्या काठाला हलकी चांफर मारली, म्हणजे काठ तिरका केला, "नाहीतर बसवताना तू कोपरा फोडणार." आणि मग तसाच दुसरा केला.

"दोन कशाला काका?"

"एक घालायला, एक हरवायला." पैसे दोन्हींचे मिळून तीनशे घेतले, आणि चहा त्यांच्याकडूनच. "आयतु," म्हणाले, म्हणजे झालं, आणि पुढचं काम हातात घेतलं.

गोव्याच्या विमानतळावर बॅग दोनदा यंत्रातून गेली. कुंद्याचा डबा आणि त्याखाली दोन गोल धातूचे तुकडे, पडद्यावर ते कसे दिसत असतील कोण जाणे. तरुण जवानाने डबा उघडला, कुंदा पाहिला, बुश पाहिले, आणि विचारलं, "गाडीचं आहे का?" मी हो म्हणताच सोडलं. त्याच्याकडेही जुनी गाडी असणार.

गेल्या शनिवारी बुश बसवला. शाफ्ट आधी बारीक एमरी पेपरने साफ केला, त्याची खाल्लेली बाजू वर फिरवून घेतली. ग्रीस भरलं, बुश अंगठ्याने अर्धा गेला, बाकी लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकत. पेडल आता एका रेषेत खाली जातं, आवाज नाही. बायकोने दहा वेळा दाबून बघितलं. मामांना सांगायला फोन केला, तर ते आधी म्हणाले, "ते यू-बोल्ट मेस्त्रींनी परत आवळले रे, दोनशे किलोमीटर झाल्यावर. तू म्हणालेलास तसं. पाव फेरा बसला." नवे यू-बोल्ट एकदा आवळून भागत नाही, पाटे बसले की ते परत सैल होतात. मी सांगितलेलं मेस्त्रींनी ऐकलं, ही बातमी मी घरात दोनदा सांगितली.

काकांना बुशचा फोटो पाठवला. त्यांचं एकच उत्तर आलं, आवाजी निरोप, मागे लेथ सुरू. "दुसरा नीट ठेवलास न्हवं?"

दोन दिवस शोधतोय.